मुशीच्या गळावरचं आमिष वाया का जातं? परत आलेल्या तुकड्यावरून दोष ओळखा

हंगाम सुरू झाला की लहान होडीतून गळाचा दोर टाकणाऱ्या पोरांकडून एकच तक्रार कानावर येते. पाणी चांगलं होतं, जागा नेहमीची होती, आमिषही ताजं घेतलं होतं, पण मुशी, म्हणजे शार्क, लागली नाही. एक तर गळ रिकामे वर आले, नाहीतर लावलेला बांगडा जसाच्या तसा परत आला. मग पुढच्या खेपेला बांगड्याऐवजी तारली, त्याच्या पुढच्या खेपेला म्हाकूल (स्क्विड), आणि तेही जमलं नाही की जागाच बदलायची. तक्रार मात्र वर्षानुवर्षं तीच.

माझं ठाम मत आहे की यातला बराचसा दोष माशाच्या जातीत नसतो. तो मासा बंदरावर विकत घेतल्यापासून गळात ओवेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत असतो. बर्फ, पाणी, मीठ आणि खोका, एवढ्यातच खेळ बिघडतो. आणि काय बिघडलं ते सांगणारा पुरावा रोज तुमच्या हातात येतो. दोर ओढताना परत आलेलं आमिष आपण झटकून पाण्यात टाकतो आणि नवीन लावतो. ते टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा.

परत आलेला तुकडा काय सांगतो

गळ रिकामा आला, पण टोकाला कातडीची एखादी चिंधी अडकलेली असेल, तर आमिष कोणी खाल्लेलं नाही. ते मऊ होतं, पाण्याच्या ओढीने गळावरून घसरून गेलं. चिंधीच्या कडा बोटात धरल्या की पिठासारख्या सुटतात.

पोटाकडून बारीक बारीक उकरलेलं, मणका उघडा पडलेला, डोळे नाहीसे झालेले, असा मासा आला तर खालच्या चोरांचं काम: खेकडे, शिंगाळा (मिशावाला मासा), केंड (अंग फुगवणारा मासा). केंडाचा चावा ओळखायला सोपा, चिमट्याने तोडल्यासारखे गोल लचके दिसतात. खेकडा मात्र फाडतो, त्याच्या कडा दोऱ्यादोऱ्यांच्या असतात.

अर्धा मासा सुरीने कापल्यासारखा गेलेला आणि गळ उरलेल्या अर्ध्यात, म्हणजे मुशी आली होती. तिने तोंड घातलं, पण गळ तिच्या तोंडात गेलाच नाही. हा दोष आमिष लावण्याच्या पद्धतीचा.

आणि चौथा प्रकार, ज्याचा लोकांना सगळ्यात जास्त राग येतो: मासा अख्खा, कुठे दात नाही, ओरखडा नाही, फक्त पांढरा पडलेला, उकडून काढल्यासारखा. याला दोन कारणं असतात. त्यातलं एक सगळ्यांना माहीत आहे आणि दुसऱ्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

गळावरून घसरणारं आमिष

आमिषाचा मासा बहुतेक वेळा लिलावात शेवटी उरलेला असतो. खाण्याचा चांगला माल गेला की जो उरतो तो स्वस्तात मिळतो, आणि "आमिषालाच तर हवाय" म्हणून आपण उचलतो. इथेच पहिली ठेच लागते. गळावर तासन् तास टिकायचं तर मासा जेवणाच्या माशापेक्षा घट्ट हवा. कल्ला लाल, डोळा फुगीर, पाठीवर बोट दाबलं की खड्डा लगेच भरून येणारा. खड्डा तसाच राहिला तर तो मासा गळाचा नाही, कितीही स्वस्त असो.

तारलीची, म्हणजे आमच्याकडच्या पेडव्याची, गोष्ट आणखी वेगळी आहे. भरपूर खाऊन पोट भरलेलं असताना पकडलेली तारली मेल्यावर तिच्या पोटातले पाचक रस थांबत नाहीत, ते तिचंच पोट आतून खाऊ लागतात. दोन-चार तासांत पोट फुटतं आणि आतडी बाहेर येतात. उन्हात तर त्याहून लवकर. तारली वापरायचीच तर पहाटे घेतलेली पहाटेच वापरा, नाहीतर पोट काढून बर्फात घाला. तेलकट असल्यामुळे तिचा वास पाण्यात छान पसरतो, म्हणून ती सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण रात्रीच्या दोरासाठी सकाळची तारली कामाची नाही.

मऊपणाचं दुसरं आणि मोठं कारण बर्फाचं पाणी. खोक्यात मासा टाकला, वर बर्फाची लादी फोडून टाकली, झाकण लावलं. दुपारपर्यंत अर्धा बर्फ वितळतो आणि मासा गोड्या पाण्यात पोहू लागतो. माशाच्या मांसात मीठ आणि रस असतो, भोवतीचं पाणी अळणी. ते पाणी मांसात शिरतं, मांसातला रस बाहेर जातो. मासा फुगतो, कातडीची चकाकी जाते, कल्ले फिके पडतात. ज्या रसाच्या वासावर मुशी यायची तो रस खोक्याच्या तळाशी गढूळ पाण्यात उतरलेला असतो, आणि ते पाणी आपण होडीच्या कडेने ओतून देतो.

उपाय साधा आहे. खोक्याच्या तळाला भोक ठेवा, किंवा आत प्लास्टिकची जाळीदार टोपली उलटी टाकून मासा त्यावर रचा, म्हणजे पाणी खाली राहील. बर्फ बारीक चुरून घ्या. मोठ्या ढेकळांच्या मध्ये हवा राहते आणि मासा सगळीकडून थंड होत नाही, शिवाय ढेकळाच्या कोपऱ्याने मासा चेपतो. आपल्या उन्हात बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा. पाच किलो आमिषाला दोन किलो बर्फ घेऊन जाणं म्हणजे दुपारनंतर बर्फच न नेण्यासारखं. आणि मासा धुवायचा झाला तर समुद्राच्या पाण्यानेच धुवा, घरच्या नळाखाली नको.

गोठवलेलं आमिष वापरणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. घरच्या फ्रिजच्या कप्प्यात बांगडा हळूहळू गोठतो. हळू गोठताना मांसात बर्फाचे मोठे कण तयार होतात, ते मांसाच्या पेशी फाडतात. विरघळला की तो मासा स्पंजासारखा पाणी सोडतो. बर्फाच्या कारखान्यात किंवा मोठ्या शीतगृहात झपाट्याने गोठवलेला मासा त्यामानाने घट्ट राहतो. तुमच्याकडे घरच्या फ्रिजशिवाय सोय नसेल तर मासे एकावर एक न रचता सुटे, पातळ थरात गोठवा. विरघळवताना उन्हात ठेवू नका. सावलीत ठेवा आणि पूर्ण विरघळायच्या आधीच, मधला भाग कडक असतानाच गळात ओवा. पाण्यात गेल्यावर तो आपोआप सैल होतो, तोवर गळावर पक्का बसलेला असतो. उरलेला पुन्हा गोठवला तर पुढच्या वेळी हमखास घसरणार.

मीठ लावायचं, पण किती?

घसरणाऱ्या आमिषावर जुना इलाज म्हणजे मीठ, आणि तो खरा आहे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, मांस आक्रसतं, कातडी चिवट होते. बांगडा, गेदर (लहान ट्यूना), बोय या तिन्ही माशांवर हे चांगलं चालतं. बोंबलावर नको. तो मुळातच पाण्याने भरलेला, मीठ लावून उरतो तो काटा.

मी सांगतो तसं करून बघा. मासा ताजा असतानाच, शिळा झाल्यावर नाही. जाडं खडे मीठ घ्या, स्वयंपाकाचं बारीक नको, ते वरच्या वर विरघळून जातं आणि कातडीवर कवच करतं. माशाच्या वजनाच्या साधारण चौथा भाग मीठ पुरतं. टोपलीत मिठाचा थर, माशाचा थर, पुन्हा मीठ. टोपली अशी ठेवा की सुटलेलं पाणी खाली निथळून जाईल, मासा त्यात बुडून राहता कामा नये. गार जागी एक रात्र. सकाळी मासा हातात घेतला की वाकतो पण दबत नाही, आणि कातडी चामड्यासारखी लागते. एवढं झालं की थांबा.

इथे लोकांचं चुकतं. रात्रभर ठेवून चांगला झाला म्हणून चार दिवस ठेवतात. चार दिवसांनी तो खारा मासा होतो, घट्ट असतो, गळावरून हलत नाही, पण पाण्यात त्याच्यातून काहीच सुटत नाही. मुशी ज्याच्या मागावर येते ते ताज्या मांसातून पाझरणारे रस असतात, मिठाने ते आधीच बाहेर काढून टाकलेले असतात. गळावर टिकणं आणि वास सोडणं या दोन्ही गोष्टी एकाच तुकड्याकडून हव्यात, आणि मीठ एकीला वाढवताना दुसरीला कमी करतं. म्हणून एक रात्र. त्याहून जास्त दिवस साठवायचं असेल तर खारवण्यापेक्षा गोठवणं बरं.

गळाला लावण्याआधी समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळून काढा आणि बाजूंवर तिरप्या दोन-तीन चिरा द्या, मणक्यापर्यंत. चिरा पोटाच्या बाजूला देऊ नका, तिथून मासा फाटतो.

अख्खा परत येणारा पांढरा बांगडा

आता तो चौथा प्रकार. पहिलं कारण वेळेचं. आमिष पाण्यात पडलं की पहिल्या तास-दोन तासांत सगळ्यात जास्त वास सोडतं, मग झपाट्याने मंदावतं. संध्याकाळी टाकून पहाटे ओढला जाणारा दोर अर्ध्याहून जास्त रात्र जवळजवळ बिनवासाचा लटकत असतो. मुशी बहुधा अंधार पडताना आणि रात्री खायला निघते. तिच्या निघण्याच्या वेळी तुमचा बांगडा धुऊन पांढरा झालेला असेल तर ती त्याच्याकडे वळेलच कशाला? दोर लवकर टाकण्याची घाई सोडा. दिवे लागणीच्या सुमारास टाका, आणि डिझेल परवडत असेल तर मध्ये एकदा ओढून आमिष बदला.

दोर कसा टाकता यावरही बरंच अवलंबून असतं. शार्कला कोसांवरून रक्ताचा थेंब कळतो असं ऐकत आलोय, पण वास स्वतः चालत जात नाही, पाण्याची ओढ नेईल तिकडेच तो जातो. ओढीच्या दिशेला लांबवर जी मुशी असेल तिलाच तो मिळणार. दोर ओढीच्या रेषेत टाकला तर सगळ्या गळांचा वास एकाच पट्ट्यात जातो. आडवा टाकला तर तेवढ्याच आमिषाचा पट्टा रुंद होतो. शार्क त्या पट्ट्यात शिरली की कुठल्या नाकपुडीला वास आधी लागला त्यावरून वळत वळत वर येते, हे प्रयोगांतही दिसून आलंय. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ओढ फारच कमी असते, वास तिथल्या तिथे राहतो. उधाणाला ओढ इतकी की आमिष तासाभरात धुऊन निघतं. मधले दिवस गळाला सगळ्यात बरे.

दुसरं कारण मात्र खोक्यात असतं. तुमच्या होडीवर आमिष आणि पकडलेली मुशी एकाच खोक्यात असतात का? किंवा आज ज्या खोक्यात मोरी, म्हणजे मुशीच, आणली तोच खोका उद्या आमिषाला, असं होतं का? बहुतेक लहान होड्यांवर होतं, खोके दोन-तीनच असतात.

शार्कच्या अंगात युरिया भरपूर असतो. खाऱ्या पाण्याने शरीरातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून तिने तो साठवलेला असतो. ती मेली की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. शिळ्या मोरीचा नाकाला झोंबणारा वास तो हाच. आता तो वास असलेल्या खोक्यात, त्याच चिकट पाण्यात, तुमचा बांगडा रात्रभर राहिला तर काय होणार? तुम्हाला नाकाने कळो न कळो, मुशीला कळतं. आणि कुजलेल्या शार्कचा वास शार्कला नकोसा वाटतो, ही कोळ्यांच्या अनुभवाची गोष्ट अगदी खरी ठरली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने समुद्रात पडलेल्या सैनिकांसाठी शार्क दूर ठेवणारी पुडी बनवली, तिच्यामागे हेच निरीक्षण होतं. ती पुडी पुढे फार भरवशाची ठरली नाही. पण अलीकडे बहामा बेटांजवळ कुजलेल्या शार्कच्या मांसाचा अर्क पाण्यात सोडून पाहिला, तेव्हा आमिषावर तुटून पडलेल्या शार्क थोड्याच वेळात तिथून निघून गेल्या.

म्हणून आमिषाचा खोका वेगळा. रंगाने ओळखू येईल असा घ्या, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि त्यात मुशी किंवा वागळी, पाकट हे शार्कच्या नात्यातले चपटे मासे यातलं काही म्हणजे काही ठेवू नका. युरिया या सगळ्यांच्याच अंगात असतो. मोरी साफ करायची सुरी आणि फळी आमिष कापायला वापरायची नाही. ज्यांच्या गळांना सारखा अख्खा बांगडा परत येतो त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे एक करावं. थर्माकोलचे जुने खोके तर फेकाच, त्यांच्या छिद्रांत मुरलेला वास कितीही घासला तरी जात नाही.

तीच गोष्ट डिझेलच्या हाताची. इंजिनला हात लावला तोच हात आमिषाला लावू नका. साबणापेक्षा समुद्राचं पाणी आणि एखाद्या मेलेल्या माशाचं पोट हातावर चोळणं बरं.

चोरांचा बंदोबस्त

खेकडे आणि शिंगाळे तळाशी असतात. आमिष तळावर पडलं असेल तर तुम्ही त्यांनाच जेवू घालताय. दोराला मध्ये मध्ये जास्त बोये, म्हणजे तरंगणारे गोळे, लावून गळ तळापासून वाव-दीड वाव वर उचला (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर). खेकड्यांचा प्रश्न तिथेच संपतो.

केंड मात्र वर येऊन खातो आणि त्याचे दात जाळं कापणारे आहेत, मांस काय चीज. अलीकडच्या वर्षांत सिंधुदुर्गात केंडाने जाळीवाल्यांना रडवलंय, गळवाल्यांनाही तो सोडत नाही. केंडाची झुंड आली की मऊ आमिष एक मिनिटही टिकत नाही. तिथे चिवट आमिषच हवं: वामाचे (सापासारख्या लांब माशाचे) तुकडे कातडीसकट, किंवा गेदराच्या पोटाची पट्टी. वामाची कातडी इतकी जाड असते की आतलं मांस टोचलं गेलं तरी तुकडा गळावर राहतो. झुंड फारच मोठी असेल तर जागा सोडा, तिथे आमिष घालणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं.

काही जण डोकी, आतडी, रक्त यांची पोतडी ठेचून दोराजवळ लटकावतात, वास वाढावा म्हणून. खोल पाण्यात त्याचा उपयोग होतो, पण उथळ पाण्यात मुशीच्या आधी केंड आणि शिंगाळे गोळा होतात. आणि हे काम किनाऱ्यापासून लांबच करायचं. तारकर्लीसारख्या जिथे लोक पोहतात त्या किनाऱ्यांजवळ, किंवा खाडीच्या मुखाशी, रक्त-आतडी ओतू नका. बुल शार्क खाडीत आणि गोड्या पाण्यातही शिरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाला चावून त्याचा पाय जायबंदी केला. त्या घटनेत कोणी आमिष ओतलं होतं असं मी म्हणत नाही, पण खाडीत शार्क येत नाही हा समज तेव्हा तरी सुटायला हवा होता.

अर्धा मासा गेला, गळ राहिला

मुशी अख्खं आमिष एकदम गिळत नाही, आधी एक तुकडा तोडून बघते. लांब मासा अख्खा लावला आणि गळ डोक्यात असला तर ती शेपटीकडचा भाग घेऊन जाते. लहान मुशीसाठी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर जी फूट-दोन फुटांची मुशी सगळ्यात जास्त मिळते तिच्यासाठी, बांगड्याचे आडवे तीन तुकडे करा. तिचं तोंड लहान असतं, अख्खा बांगडा तिला घेताच येत नाही. मोठ्या मुशीला अख्खा मासा चालतो, पण गळ पाठीच्या मध्यावर, मणक्याखालून काढा. डोक्याकडून लावायचा असेल तर दोन्ही डोळ्यांच्या खोबणीतून आरपार. तिथे हाड असतं, फाटत नाही.

गोल गळ वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. त्याचं टोक आत वळलेलं असतं, आणि टोक व दांडी यांच्यामध्ये जी फट असते तीच मुशीच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. फट मांसाने भरून टाकली तर गळ अडकणारच नाही. आमिष एका कडेने टोचा, टोक उघडं राहू द्या. आणि हातदोराने गरवत असाल तर झटका देऊ नका, सरळ एकसारखं ओढा. जुन्या इंग्रजी जे-आकाराच्या गळाची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण गोल गळाला झटका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो.

आमिषाऐवजी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरीच, तुटून येत असेल तर तो आमिषाचा दोष नाही. गळाजवळचा हातभर भाग तारेचा करा. मुशीच्या दातांनी जे तुटत नाही ते तिच्या खरखरीत कातडीने घासून तुटतं.

आमिष पाण्यात गरगर फिरून दोराला पीळ पडत असेल तर माशाची शेपटी कापून टाका आणि स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावा. एवढंच.

म्हाकूल, कासव आणि कायदा

म्हाकूल गळावर सगळ्यात जास्त टिकतं, म्हणून आता बरेच जण तेच लावू लागलेत. माझं म्हणणं, नोव्हेंबर ते मार्च या काळात तरी ते टाळा. ऑलिव्ह रिडले कासविणी या दिवसांत वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि त्याआधी किनाऱ्याजवळच्या पाण्यात असतात. मासा लावलेला असला तर कासव तो कुरतडून कुरतडून खातं. म्हाकूल फाटत नाही, म्हणून ते गळासकट गिळतं. गोल गळ आणि माशाचं आमिष ही जोडी वापरली तर कासवं लागणं कमी होतं, हे जगभर लांब दोरवाल्यांनी पाहिलंय. आपल्याला त्यात काही गमवावंही लागत नाही. वामाचा तुकडा म्हाकुलाइतकाच टिकतो.

डॉल्फिनचं मांस आमिषाला चालतं असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे पाठ फिरवा. डॉल्फिन आणि समुद्री कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्याला लागलेलं मेलेलं जनावरही आपल्याला कापायचं नाही. शार्कपैकीही काही जाती २००१ पासून याच कायद्याखाली संरक्षित आहेत, करवत मासाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आणखी वाढली. कानमुशीबद्दलचे (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कबद्दलचे) नियमही आता पूर्वीसारखे सैल नाहीत. मत्स्य खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून चालू यादी मागून घ्या आणि होडीत ठेवा. पर कापून धड समुद्रात टाकणं २०१३ पासून बंद आहे, मुशी आणायची तर परासकट अख्खी आणायची.

मुशी लाखांनी अंडी घालत नाही, मोजकी पिल्लं देते. म्हणून आमिष असं बनवा की हव्या त्या आकाराचीच मुशी लागेल, आणि पिल्लं लागली तर गोल गळामुळे ती तोंडाच्या कोपऱ्यातून सोडवून जिवंत पाण्यात सोडता येतील. आतड्यात गळ गेलेलं पिल्लू सोडलं तरी वाचत नाही.

बदल लागू पडला की नाही, कसं कळणार?

एका रात्रीवरून काही ठरवू नका. समुद्र एका रात्री काहीही देतो. एकाच दोरावर गळ आलटून पालटून लावा: एकावर खारवलेला बांगडा, पुढच्यावर फक्त बर्फातला, पुन्हा खारवलेला. अर्धा दोर एका प्रकारचा आणि अर्धा दुसऱ्या प्रकारचा असं करू नका, कारण दोराची दोन टोकं वेगवेगळ्या पाण्यात असतात, एका टोकाला खडक तर दुसऱ्याला चिखल. ओढताना वहीत तीन खुणा पुरतात: रिकामा, अख्खा, खाल्लेला. होडीवर वही भिजते, म्हणून जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलं तरी चालतं, घरी आल्यावर वहीत उतरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. खोका बदललात तर मीठ तेवढंच ठेवा, मीठ बदललं तर दोर टाकायची वेळ तीच ठेवा. पुढच्या उधाणापर्यंत तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि तेव्हा विचारलंत तर मलाही नेमकं उत्तर देता येईल. विचारताना एवढं सांगा: दोर कुठल्या वावात टाकला होता, कुठलं आमिष होतं, किती वेळ होतं, आणि परत काय आलं.